खांडीतले पाय

मी एक जुनी जीन्स आहे. मित्रांनो, हसू नका. आत्मवृत्त सांगावे इतकी काही मी थोर नाही, हे मलाही कळते. माझ्या कमरेला आता पट्टा नाही, बटण गंजून गेले आहे आणि दोन्ही पाय मातीने गच्च भरले आहेत. बदलापूरच्या शिरगावात, नव्या इमारतींच्या मागे एक बैठे घर अजून उरले आहे. त्या घराच्या परसात माशांचे एक लहानसे तळे आहे आणि तळ्याच्या कोपऱ्यात मी पाण्याकडे पाय सोडून बसले आहे. तिन्हीसांजेला मागच्या गल्लीतून जाणारी माणसे मला पाहून भराभर पावले उचलतात. कोणाला घाबरवायची मला हौस नाही. मी फक्त काठ धरून बसले आहे.

एखाद्या पावसाळ्यात माझे कापड पुरते विरून जाईल. मग हे सांगायला कोण राहणार? म्हणून आजच सांगून टाकते.

माझा जन्म उल्हासनगरचा. कॅम्प नंबर पाचच्या एका गल्लीत दिवसभर मशिनींची घरघर चालते आणि शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. तिथल्या एका माळ्यावर मला शिवले. कापड जाड, गडद निळे आणि करकरीत. मास्टर कसबी होता, पण त्या दिवशी त्याचे अर्धे लक्ष फोनवरच्या क्रिकेटमध्ये होते. त्यामुळे माझा उजवा पाय शिवताना किंचित आत वळला. पुढे धुलाईत दगडांबरोबर मला घुसळ घुसळ घुसळले, माझा रंग उतरवला, अंग मऊ केले, पण पाय काही सरळ झाला नाही.

मालक हरेशशेठ यांनी मला उजेडात धरून पाहिले, तोंड वाकडे केले आणि डिफेक्टच्या ढिगात टाकले. माझ्याबरोबरच्या बाकीच्या बहिणी गठ्ठ्यांत बांधून लांबलांबच्या दुकानांत गेल्या. मी मात्र दुकानाबाहेर एका खिळ्याला लटकत राहिले. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्ने म्हणतात. इथे तर लग्नच ठरत नव्हते.

शिरगावची जिज्ञासा हरेशशेठकडून धागा कटिंगचे काम घरी नेत असे. नव्या जीन्सना शिलाईचे धागे लोंबत राहतात, ते बारीक कात्रीने कापायचे, हे ते काम. एकदा गठ्ठा उचलायला तिचा धाकटा दीर पुष्कर तिच्याबरोबर आला. त्याने मला खिळ्यावरून काढले आणि कमरेला लावून पाहिले.

"वयनी, हिचा एक पाय वाकडा हाय."

"तुझा तरी कुठं सरळ हाय?" जिज्ञासा म्हणाली.

हरेशशेठ आतूनच बोलले, "ले जा साईं, ले जा. पहनेगा तो सीधा हो जाएगा."

सरळ तो कधीच झाला नाही. पण पुष्कर स्वतःच चालताना उजवे पाऊल जरा आत टाकायचा, त्यामुळे आमचे छान जमले. कोणीतरी आपल्याला आपल्या वाकडेपणासकट घेतले, याचे सुख काय असते ते खिळ्यावर लटकलेल्यालाच कळते. मला तेवढे पुष्कळ होते.

घरात पाच माणसे. पुष्करचे वडील हरिचंद्र यांनी तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात काम केले होते. आई सखू. थोरला भाऊ भूपेश, आनंदनगरच्या एका कारखान्यात शिफ्टवर. जिज्ञासा ही भूपेशची बायको. पुष्करही आनंदनगरलाच दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला होता. त्यांची भाताची शेते केव्हाच विकली गेली होती, त्यांच्या जागी इमारती उभ्या होत्या. उरले होते ते मागचे परस. तिथे तळे खणायचे आणि रोहू-कटला पाळायचे, असे पुष्करच्या मनाने घेतले.

जेसीबी आला आणि परसात खड्डा झाला. जागा थोडी, म्हणून पुष्करने चारी बाजू सरळ खाली उतरवून घेतल्या. हरिचंद्र काठावर येऊन उभे राहिले आणि त्यांनी मान हलवली.

"ही तं भिंत झाली. मातीचा काठ असा उभा नाय रहत. काठ कसा, मांडी घालून बसला पायजे."

"बाबा, काठच मांडी घालून बसला तं मासं कुठं बसवू?" पुष्कर म्हणाला, आणि दोघेही हसले.

त्याचेही खरे होते आणि त्यांचेही. पण पाण्याला कोणाची बाजू घ्यायची नसते. पाऊस सुरू झाला तसा काठ ढासळू लागला. पुष्करने आधी प्लॅस्टिकचा कागद लावला, तो फाटला. मग बांबूच्या पट्ट्या ठोकल्या, तर माती त्यांच्या मागून निसटली. शेवटी एका इमारतीच्या कामावरून फुटक्या लाद्या आणून त्याने काठावर ओतल्या. लाद्या तळाशी गेल्या आणि माती त्यांच्यामागोमाग. या सगळ्या उद्योगात मी त्याच्या अंगावर, गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तो चिखल माझ्या धाग्याधाग्यांत असा मुरला की कितीही आपटून धुतले तरी गेला नाही.

त्याच सुमारास त्याने मागच्या पडवीच्या पत्र्याची गंजलेली पन्हळ काढून टाकली. नवी बसवायला लांबलचक पांढरा पाइप आणला, उभा कुठून चिरायचा तिथे पेन्सिलीने खुणा केल्या आणि तो माळ्यावर ठेवून दिला. "रविवारी बसवतो," तो आईला म्हणाला. मीही त्या पाइपाकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही.

मग श्रावणातली ती दुपार आली. सकाळपासून पाऊस धरून होता. स्वयंपाकघराची भिंत संपते तिथे तळ्याचा एक कोपरा आहे. कोपऱ्याच्या पलीकडे खाली ओहोळ वाहतो. तो कोपरा एकाएकी बसला आणि तळ्याचे पाणी भसाभस ओहोळाकडे धावू लागले. मासे त्या वाटेकडे उड्या घेऊ लागले.

"खांड गेली," हरिचंद्र पायरीवरून ओरडले. बांध फुटून पाण्याला वाट होते, तिला मिठागरवाले खांड म्हणतात. आणि त्याच दमात, तरुणपणी हजारदा ऐकलेले आणि हजारदा उच्चारलेले वाक्य त्यांच्या तोंडून निघाले. "खांडीन मानूस उभा रायल्याबिगर खांड बुजत नाय."

मिठागरातली ती कामाची रीतच होती. नुसता चिखल टाकला तर पाणी तो वाहून नेते. म्हणून आधी एकाने फुटीत पाय रोवून उभे राहायचे, पाण्याचा जोर अंगावर घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या पायांभोवती चिखल दाबायचा. हरिचंद्र स्वतः असे कितीदा उभे राहिले होते. पुष्करने पुढचे ऐकलेच नाही. त्याने उडी घेतली, पाण्याला पाठ दिली आणि पाय फाकवून उभा राहिला.

तो लोट माझ्यावर आदळला तो मला अजून आठवतो. माझी शिवण करकरली. पाणी त्याच्या गुडघ्यांना रेटत होते आणि मी त्यांना बाहेरून घट्ट धरून होते. भूपेश आणि जिज्ञासा घमेल्याने माती ओतत होते, हरिचंद्र पायांनी ती दाबत होते. हळूहळू पाणी दमले. खांड बुजली. पुष्करला दोघांनी ओढून बाहेर काढले तेव्हा चिखलाने असा काही आवाज केला की सगळे हसले.

"बाबा, माझं पाय तं आतच रायलं वाटतं," पुष्कर म्हणाला.

कुंपणापलीकडे शेजारची बनूबाई डोक्यावर गोणपाट घेऊन उभी होती. तिनेही ते ऐकले.

हरिचंद्र पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शोभलास. मिठागरवाल्याचा पोर शोभलास." ती शाबासकी थोडी माझीही होती, असे मी धरून चालले. आयुष्यात मला मिळालेली तेवढीच.

त्याच्या घोट्याजवळ एका फुटक्या लादीने कापले होते. त्यानेच टाकलेली लादी. सखूने हळद दाबली आणि तो विसरून गेला. काही दिवसांनी ताप आला. गोळी घेऊन तो कामावर गेला, परत येऊन पडला. रविवार आला, तेव्हा त्याला उठवत नव्हते. मग डोळे पिवळे झाले. त्याला दवाखान्यात नेले तेव्हा मी दोरीवर वाळत होते. रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी वाऱ्यावर हलत राहिले. डॉक्टर म्हणाले, लेप्टो आहे, घाण पाणी जखमेतून अंगात जाते, फार उशीर झाला. पुष्कर घरी आला तो चार जणांच्या हातांवर. मला दोरीवरून काढायचे कोणालाच सुचले नाही, आणि मी पुन्हा भिजले, पुन्हा वाळले, पुन्हा भिजले.

सखूने एक नियम केला. पुष्करच्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. त्याची चप्पल दारामागे राहिली, हेल्मेट खुंटीला राहिले, पाइप माळ्यावर राहिला. मला तिने घडी घालून ट्रंकेत ठेवले. ट्रंक जमिनीवर होती आणि जमिनीतून मला सगळे ऐकू यायचे. पावसाळा आला की त्या कोपऱ्यातले एखादे ढेकूळ सुटायचे आणि पाण्यात डुबुक करून पडायचे. थोड्या वेळाने पुन्हा डुबुक. आणि दर वेळी माझे रिकामे गुडघे आपोआप ताठ व्हायचे. आत कोणी नव्हते, तरी व्हायचे. मला तेव्हा माझीच भीती वाटायची.

हरिचंद्र परसात जायचे बंद झाले. जेवायलाही ते पुढच्या दाराकडे तोंड करून बसत. खांडीचे ते वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आले नाही, आणि वाक्यच काय, दिवसचे दिवस ते एक शब्दही बोलत नसत. पोराला साप चावला असता तर सापाला शिव्या देता आल्या असत्या. इथे शिवी द्यायची तर स्वतःच्याच जिभेला.

कोपरा मात्र ढासळतच राहिला. पुष्कर जिथे उभा होता, नेमका तिथेच. बाकीचा काठ गवताने जरा धरला होता, पण हा कोपरा दोन दिवस पाऊस पडला की बसायचा. बनूबाईने कुंपणावरून निकाल देऊन टाकला.

"त्याला वर काढला गं, पाय खालीच रायले. तोच बोलला होता ना? ते पाय हलतान म्हनून माती ढासलते."

सखूला याची भीती वाटली नाही. उलट ती तिथे जाऊन बसू लागली. कधी भाकरीचा तुकडा, कधी सुकटीची चटणी काठावर ठेवायची. माशांचे फावले. भूपेशला मात्र झोप लागेना, कारण स्वयंपाकघराच्या भिंतीला चीर गेली होती आणि काठ भिंतीच्या जवळ जवळ सरकत होता.

"आये, मी हे तळं बुजवनार. राबीटची गाडी सांगतो, भराव टाकला की एका दिवसात काम होईल."

"त्यानं खनलंय. तू बुजवनार?"

"एक तर गेलाच ह्याच्यात. आता भिंत पडून तू जायची वाट बघू का?"

पोरगा खोटे बोलत नव्हता, हे सखूलाही कळत होते. शेवटी भूपेशच नरमला. "हा एक पावसाळा बघतो. कोपरा परत गेला तर गनपतीच्या आधी तळं बंद." सखूने ते कबूल केले. तळे बंद म्हणजे सखूसाठी पुष्कर दुसऱ्यांदा जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होते.

उपाय जिज्ञासाने काढला. माती भरून काठाला लावलेल्या सिमेंटच्या प्लॅस्टिक गोण्या उन्हाने फाटतात, हे तिने पाहिले होते. ती हरेशशेठकडे गेली आणि डिफेक्टच्या ढिगातला, कोणी घेणार नाही असा माल मागून आणला. मे महिन्यात तिने आणि सखूने जीन्सच्या पायांच्या टोकांना गाठी मारल्या, आत माती ठासली, कमरा सुतळीने आवळल्या आणि काठावर एकावर एक, थोड्या थोड्या मागे सरकवून त्या रचल्या. काठ उभा न राहता उतरता झाला. माझ्याच गल्लीतल्या माझ्या बहिणी शेवटी चिखलात माझ्या आधी पोचल्या. कोपऱ्यापाशी येईपर्यंत माल संपला. एकीची जागा रिकामी राहिली.

सखू घरात गेली. ट्रंकेचे झाकण उघडले आणि माझ्यावर उजेड पडला. इतका उजेड मला सहन होईना.

"आये, ती नको," भूपेश म्हणाला. "तीच घालून तो उभा होता."

"उभाच रायला तो. दमला असंल," सखू म्हणाली. "आता बसू दे त्याला."

जिज्ञासा रडत रडत माझ्यात माती भरत होती. ज्या गुडघ्यांत तो होता, तिथे माती आली. मांड्या भरल्या, पोटऱ्या भरल्या. मातीला जरा ऊब होती. माझी कंबर काठात दाबून बसवली आणि पाय पाण्याकडे सोडले. उजवा पाय सवयीने आत वळला, अगदी तो वळायचा तसा. जिज्ञासाने घमेले खाली ठेवले आणि ती दोन पावले मागे सरकली.

तेव्हापासून माझे भूत झाले, मित्रांनो. संध्याकाळी उजेड कमी झाला की धड दिसत नाही, नुसते पाय दिसतात. बनूबाईने मागच्या गल्लीतून जाणे सोडले. भूपेश एकदा शिफ्टवरून मागच्या दाराने आला, मला पाहून जागीच थांबला आणि अगदी हळू म्हणाला, "पुष्क्या?" मी उत्तर काय देणार? पण गुडघ्यात काहीतरी सरकले. गांडूळ असेल. गांडूळच असेल, असे मी स्वतःला समजावते. मी भूत नाही. पण माझ्यात कोणीच नाही, असेही मी शपथेवर सांगणार नाही.

पावसाळा लागला. बहिणींनी बाकीचा काठ छान धरला. सगळ्यांना वाटले, जमले. आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास पावसाने पुन्हा जोर धरला तसा आमचा कोपरा हलू लागला.

इथे मला काय कळत होते ते सांगते. तळ्याचे पाणी माझ्या पोटऱ्यांपाशी शांत होते. मारा बसत होता तो पाठीमागून. भिंत आणि मी यांच्या मधून, पडवीच्या फरशीच्या खालून, थंड पाणी माझ्या कमरेत शिरत होते आणि माझ्यामागची माती पातळ करत होते. घरातली सगळी माणसे तळ्याकडे डोळे लावून होती. पाणी भलतीकडूनच येत होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण जीन्सला खिसे असतात, तोंड नसते.

दुपारी माझ्या शेजारची एक बहीण सुटली आणि पाण्यात गेली. भिंतीची चीर बोटभर रुंद झाली. भूपेश दारात उभा होता.

"झालं," तो म्हणाला. "उद्या गाडी सांगतो."

सखूला आता नाही म्हणता येत नव्हते. तिने शब्द दिला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हरिचंद्र बाहेर आले. पुष्कर गेल्यापासून त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. लुंगी खोचलेली, पाय उघडे, आणि साखरेच्या आजारामुळे न भरणाऱ्या तळपायाच्या जखमेवर पट्टी.

"सरका," ते म्हणाले. "मी उभा रहतो."

ते काय मागत आहेत, हे सगळ्यांना समजले. सखू त्यांच्या आडवी झाली.

"एक दिलाय ह्या पान्याला. दुसरा नाय देनार."

"माझ्याच तोंडून गेलं ते, सखू. बोललो मी, आन् उभा तो रायला. उभं रायची पाली माझी होती."

दोन वर्षांत त्यांनी इतके शब्द एकदम काढले नव्हते. सखूने आडवे धरलेले हात खाली घेतले. तिच्या बाजूने ते पुढे झाले, काठावर आले आणि त्यांचा पाय घसरला. पडताना त्यांनी आधाराला माझी कंबर धरली. हात माझ्या पाठीमागे गेला आणि कोपरापर्यंत मातीत रुतला. जिज्ञासाने आणि भूपेशने त्यांना पकडले. पण ते हात काढेनात. आत बोटे हलवत राहिले.

"भूपेश," ते म्हणाले, "तलं खाली हाय ना रे? पानी काय वर चढत नाय. मंग ह्याच्या पाठीमागं पानी कुठलं?"

सगळ्यांनी मागे पाहिले, मग वर पाहिले. पडवीच्या पत्र्याचे सगळे पाणी उताराने एका टोकाला येत होते आणि जाड धार होऊन भिंतीशी फरशीवर पडत होते. फरशीच्या सांध्यातून ते खाली जात होते. दोन पावसाळे आणि हा तिसरा, ती धार तशीच पडत होती. पावसात पत्रा गळायचाच, त्यात बघायचे काय, म्हणून कोणी बघितले नव्हते.

"पन्हळ," जिज्ञासा पुटपुटली.

पन्हळ कुठे आहे, हे सगळ्यांना माहीत होते. तिला हात लावायचा नाही, हेही माहीत होते. पोराची आठवण जपायची म्हणून त्याचे राहिलेले काम माळ्यावर जपून ठेवले होते आणि त्याने खणलेले तळे त्याच कामावाचून खचत होते. बनूबाई म्हणायची ते पाय नव्हतेच. कोपरा खात होती ती आमचीच माया. पुष्कर काही मागत नव्हता, निदान भाकरी तरी मागत नव्हता.

सखू आत गेली. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर तो लांब पांढरा पाइप होता आणि केसांत कोळिष्टके. पाइपावरच्या पेन्सिलीच्या खुणा अजून तशाच होत्या. तिने तो भूपेशच्या हातात दिला.

"बसव. रविवारी बसवनार होता तो," ती म्हणाली. "आज रविवारच हाय समज."

भूपेशने खुणांवर करवत चालवली. धाकट्या भावाने आखलेल्या रेघेवरून तो कापत होता आणि त्याच्या नाकावरून पाणी गळत होते, पावसाचे आणि दुसरेही. उभा चिरलेला पाइप तारेने बांधून पत्र्याखाली बसला. धार वळली आणि पलीकडून ओहोळात पडू लागली. जिज्ञासाने माझ्यामागे कोरडी खडी आणि माती ठासली. माझ्या पाठीचा गारठा हळूहळू कमी होत गेला. भिंत राहिली आणि तळेही राहिले.

हरिचंद्र उभे राहिले नाहीत. ते माझ्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले आणि रडले. तोंड लपवले नाही. खूप वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बस आता तू. बस."

भूपेशने गाडी सांगितली नाही. थंडीत त्याने काठ चारी बाजूंनी उतरता करून घेतला. तळे लहान झाले, मासे कमी मावतात, पण काठ आता मांडी घालून बसला आहे. जिज्ञासाने आम्हा जीन्सच्या मधल्या फटींत वाळ्याचे ठोंब लावले. पाण्यात उतरायचे तर कारखान्यातले गमबूट घातल्याशिवाय भूपेश कोणाला उतरू देत नाही, बापालाही नाही. पुष्करची चप्पल जिज्ञासा घालते. हेल्मेट भूपेश वापरतो.

आणि मी? मी विरत चालले आहे, तेही बरेच झाले. वाळ्याची मुळे माझ्या डाव्या मांडीतून शिरून उजव्या गुडघ्यातून बाहेर पडली आहेत. मी सुटेन तेव्हा काठ धरायला ती असतील. अजून एखादा पावसाळा, मग इथे नुसते गवत दिसेल.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी गेलेल्या माणसाची वस्तू कुलपात असेल, तर ती काढा आणि वापरा. जपायची म्हणून ठेवलेली वस्तू आतल्या आत घर पोखरते. काठ ढासळला तर ढासळलेल्या जागी भुते शोधू नका, पाणी कुठून येते ते बघा. आणि कितीही घाई असली, कितीही जुनी म्हण असली, तरी खांडीत माणूस उभा करू नका. त्या कामाला आम्ही जुन्या जीन्स आहोत.

बनूबाई पुन्हा गल्लीतून जाऊ लागली आहे. तिन्हीसांजेला हरिचंद्र आणि सखू काठावर येऊन माझ्या दोन बाजूंना बसतात. परवा बनूबाई कुंपणापाशी थांबली, डोळे बारीक करून तिने पाहिले आणि जिज्ञासाला म्हणाली, "तिघं बसलान गं तिथं." जिज्ञासाने तिला खोटे पाडले नाही. मीही पाडणार नाही.